कोचची फायनल

आम्ही परदेशात, सेम्बावांगला राहत होतो तेव्हाची गोष्ट. माझी अकरा वर्षांची मुलगी दर शनिवारी रग्बी खेळायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाप म्हणून मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडण्याचा हक्क मी सोडला नव्हता. कोच उत्तर इंग्लंडचा. तिकडे तेरा जणांची रग्बी लीग तो बारा वर्षं पगारी खेळाडू म्हणून खेळला, मग मोठ्यांचा कोच झाला, आणि पन्नाशीत आमच्या पोरांना शिकवायला इथे आला. नाक मोडलेलं, बोलणं मोजकं. त्याने एक मोठी फायनल जिंकून दिली होती. तिच्याबद्दल त्याच्यापेक्षा आम्ही पालकच जास्त बोलायचो.

मुलांच्या स्पर्धेची सेमीफायनल होती. एका पोराला अडवताना मुलीचं डोकं त्याच्या गुडघ्यावर आपटलं आणि ती आडवी झाली. आपल्याकडे मूल पडलं की जे म्हणतात तेच मी मैदानभर ऐकू जाईल असं ओरडलो, "काही नाही झालं! मुंगी मेली! ऊठ!"

ती उठली. "आय ॲम ओके लाह!" ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. डोक्याला मार बसलाय का ते बघायला कोचने तिला स्कोअर विचारला, तिने चुकीचा सांगितला. त्याने तिला बाहेर काढलं आणि दुपारच्या फायनललाही ती खेळणार नाही, असं सांगून टाकलं.

ती ढसाढसा रडली. माझं डोकंच फिरलं. वर्षभर झोपमोड करून तिला इथे आणत होतो तो मी! तरातरा त्याच्याकडे गेलो.

"तुम्ही स्वतः फायनल खेळलात. तिची मात्र हिरावून घेताय?"

तो चिडला नाही. पाण्याच्या बाटल्या गोळा करत म्हणाला, "त्या फायनलला दहाव्याच मिनिटाला माझ्या डोक्याला लागलं. मी ठीक आहे म्हणालो आणि शेवटपर्यंत खेळलो. जिंकून देणारे गुण मीच मिळवले म्हणतात."

"म्हणतात?"

"मी ते टेपवर पाहिलं. सामना संपल्यावर माझे वडील धावत येतात, मिठी मारतात, कानात काहीतरी सांगतात. टेपमध्ये ते ऐकू येत नाही. पुढच्या वर्षी ते गेले. काय म्हणाले होते, मला आठवत नाही."

मी परत फिरलो. मुलीशेजारी जाऊन बसलो. तिने तोंड फिरवलं.

"सकाळी काय खाल्लंस गं?" मी विचारलं.

"पोहे. व्हाय?" ती फणकारली.

सकाळी पोहेच केले होते. मला रडू आलं.