वसंतभाऊंची नजर

डहाणूत बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. त्यामुळे २०१४ साली वाणगावच्या वाचनालयात वसंतभाऊंनी स्कीइंगच्या इतिहासावर व्याख्यान दिले, तेव्हा आम्ही सातजणच होतो. मी तळासरीची शाळामास्तरीण, तीही पंख्याखाली बसायला गेलेली.

चिकूची वाडी सांभाळणाऱ्या या गृहस्थांनी टेबलावर दोन लांब लाकडी पट्ट्या ठेवल्या. "हा मूळचा खेळ नव्हे," ते म्हणाले. "बर्फातली माणसं यांवरून शेजारी जायची, शिकारीला जायची. चढताना तळाला कातडं बांधायची, म्हणजे पाय मागे घसरत नाही." तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगर चढणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता. पण चढ पायांनी चढल्याशिवाय उतार कळत नाही, असे ते मानत.

रानातल्या बर्फाळ उताराचा एक रिवाज त्यांनी सांगितला. एकेकट्यानेच उतरायचे आणि बाकीच्यांनी नजर हटवायची नाही. हिमकडा कोसळला, तर माणूस शेवटचा दिसला तिथूनच शोध सुरू होतो.

पुढे शाळेच्या सायवनच्या सहलीत सोबत आलेल्या भाऊंनी माझी चाळीस मुले ओढ्यातून एकेक करून सोडली. मी वैतागले. "अहो भाऊ, घोटाभर तर पाणी आहे!"

"असू दे, बाई. मी बघतोय."

तासभर गेला. मी फुरंगटून बसले, तेव्हा ते शेजारी येऊन हळूच बोलले. तरुणपणी हिमाचलात त्यांचे मित्र मोरेश्वर उतार उतरत होते. भाऊंच्या बुटाचा पट्टा सुटला, म्हणून त्यांनी मान खाली घातली. मान वर केली, तर नुसता पांढरा उतार. "मी अंदाजानं जागा दाखवली. सगळे तिथंच खणत राहिले. मोरेश्वर सापडला दुसऱ्या दिवशी, खूप खाली." त्यानंतर भाऊंनी त्या पट्ट्या पायात घातल्या नाहीत. माझ्या वैतागाची मला आजही लाज वाटते.

यंदा २०१९मध्ये भाऊंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ नेली आहे. ज्यांनी उभा जन्म दुसऱ्यांवर नजर ठेवली, त्यांच्याच वाट्याला हे यावे, याचे फार वाईट वाटते. पंचाहत्तरीच्या गौरवाचे निमंत्रण द्यायला गेले, तेव्हा ते ओट्यावर पायऱ्यांपाशी काठी टेकून उभे होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, हात द्यायला धावल्या. "नको गं," म्हणत त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"बाई, बघताय ना?"

"बघतेय, भाऊ."

मगच ते पहिली पायरी उतरले.

भाऊ, शंभरीपर्यंतची वाट निरोगी पावलांनी, सावकाश चाला. आमच्यापैकी कुणीही मान खाली घालणार नाही.