श्रीरंगकाकांचा फळा

बोळिंजच्या त्या सोसायटीत पाण्याच्या नोटिशीपेक्षा श्रीरंगकाकांचा फळा जास्त वाचला जाई. निवृत्त झाल्यापासून ते लिफ्टशेजारच्या फळ्यावर रोज एक इंग्रजी शब्द आणि त्याचा मराठी अर्थ लिहीत. आलेली लिफ्ट सोडून माणसं आधी शब्द वाचत.

मग तिसऱ्या मजल्यावर जोआना राहायला आली. शाळेत शिकवणारी. ती काकांच्या शब्दाखाली एखादं गमतीदार वाक्य लिहू लागली, आणि लोक खालची ओळ आधी वाचून हसू लागले. काकांच्या पोटात दुखू लागलं. पोरगी छान लिहिते, असं त्यांच्या पत्नी वसुंधराकाकू एकदा सहज बोलून गेल्या, तर त्या दिवशी काकांना जेवण गोड लागलं नाही.

तिची जिरवायची म्हणून त्यांनी जाडजूड शब्दकोशातून एक क्रियापद शोधून काढलं. डिस्क्राय. दूरचं, अंधुक असं काही निरखून निरखून अखेर नजरेस पडणं.

संध्याकाळी खाली ओळ हजर : गच्चीवरून आज मी अर्नाळ्याचा किल्ला डिस्क्राय केला.

रविवारी सकाळी अर्धी सोसायटी किल्ला बघायला गच्चीवर. हवेत थोडं धुकं होतं, तरी पोरं बोटं दाखवत होती. काकूंनाही दिसला. काका सगळ्यांत शेवटी चढले, चूक काढायच्या तयारीनेच.

"सगळ्यांना इतका सहज दिसतोय," ते म्हणाले. "सहज दिसतं तिथे हे क्रियापद चालत नाही. वाक्य चुकलंय."

"तुम्हाला दिसतोय का, काका?" जोआनाने विचारलं.

काकांनी कठड्याला हात टेकले, डोळे बारीक केले. नुसता राखाडी पट्टा. ते तसेच बघत राहिले. बऱ्याच वेळाने माडांच्या शेंड्यांपलीकडे एक काळपट रेघ धुक्यातून सुटी झाली आणि तिचा तट झाला. अगदी शब्दकोशात दिलं होतं तसं.

"नाही," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

जोआनाला मात्र ते खरं वाटलं. काका म्हणतात म्हणजे आपलंच चुकलं असणार, असं म्हणत ती खाली उतरली, स्वतःची ओळ पुसली आणि मागोमाग उतरलेल्या काकांपुढे खडू धरला. "मग बरोबर कसं ते तुम्हीच लिहा ना."

मागे माणसं थांबली होती. काकांनी खडू घेतला. दुसरं एकही वाक्य सुचेना. शेवटी त्यांनी लिहायला सुरुवात केली : गच्चीवरून आज मी...