चाळीस वर्षांचा शेरा

माझ्या बायकोच्या मामांइतका समाधानाच्या मागे लागून असमाधानी झालेला माणूस साऱ्या जबलपुरात दुसरा सापडायचा नाही. मामा कारखान्यात तपासनीस होते. पास झालेल्या प्रत्येक भागाच्या कागदावर ‘संतोषजनक’ असा शेरा मारण्यात त्यांची सारी नोकरी सरली. निरोपाच्या भाषणात कोणीतरी त्यांची सेवाही ‘संतोषजनक’ ठरवली, आणि मामांना शंका आली की आपण जन्मभर लिहिलं ते नेमकं काय? दुसऱ्याच दिवशी घरात जाडजूड कोश आले. संतोष ‘तुष्’ धातूतून, तृप्ती ‘तृप्’मधून, इंग्रजांचा ‘सॅटिस्फॅक्शन’ लॅटिनमधला, अर्थ ‘पुरेसं करणं’ एवढाच. यावर मामांचं भाष्य, “म्हणूनच साहेब लोक अर्ध्या पोटी उठतात!” घमापूरच्या बाजारात ते मटारवाल्याला विचारत, “भैया, इतने में संतोष हुआ कि तृप्ति?” तो म्हणे, “बाबूजी, पहले थैला तो खोलिए.” पण माणूस लाखातला. न पटलेला शब्द तोंडातून काढणार नाही, मग समोर मंत्री असो की व्याही.

याचा जाच एकट्या मामींना. पूर्ण तपासल्याशिवाय शेरा द्यायचा नाही, ही नोकरीतली सवय मामांनी पहिल्यापासून घरीही पाळली. “पुरणपोळी कशी झाली?” असं विचारलं की ते डोळे मिटून म्हणत, “थांब, शब्द शोधून राहिलो.” तोवर पोळ्या संपत. चाळीस वर्षांत त्या बाईला एक शेरा मिळाला नाही.

गेल्या हिवाळ्यात मामींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात पोचलो, तेव्हा त्या मामांना म्हणत होत्या, “अहो, उद्याचं काही सांगता येत नाही. माझ्या संसारानं तुमचं समाधान झालं का नाही, एवढं बोला.”

मामांनी चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाले, “समाधान म्हणजे मुळात नीट जागेवर ठेवणं. या घरात भटकी वस्तू मीच होतो. तू मला जागेवर ठेवलंस. झालं माझं समाधान. पुरेपूर झालं.”

“मग इतकी वर्षं काहून नाही सांगितलं?”

“तपासणी चालू होती.”

मामी हसल्या, आणि हसता हसता रडल्या. ऑपरेशन पुढे सुखरूप पार पडलं. पण त्या संध्याकाळी मला तिथे उभं राहवेना. व्हरांड्यात येऊन मी बायकोला फोन लावला. आमच्या लग्नालाही पंचवीस वर्षं झाली आहेत, आणि शेरा तिलाही मिळालेला नाही. “काय झालं?” तिनं घाबरून विचारलं, आणि मी म्हणालो, “डबा पोचला.”