भुंगेऱ्यांची तहान

पाटोद्याकडच्या वनात तोड झाली. जमिनीवरचे भुंगेरे किती उरले, हे पाहायला मी मातीत कप पुरून ठेवी आणि आत पडलेले सकाळी मोजून सोडून देई. तिथे शेळ्या चारणारे मामा रोज भेटत. "सावलीला थांबावं, कावून एवढी घाई?" हे ते शेळ्यांनाही म्हणत आणि मलाही. दुष्काळात सोसायटीला घालायला दूधच उरलं नव्हतं; दुधाच्या रिकाम्या किटलीत मामा टँकरचं पाणी आणत, आधी शेळ्यांना पाजत, उरलं तर स्वतः पीत.

एका सकाळी सगळे कप पाण्याने काठोकाठ भरलेले. भुंगेरे बुडून मेले होते.

"सर, तुमी वाट्या मांडल्या, पण पाणीच इसरलात," मामा हळहळले. "काल सांजंला किटलीतलं समदं मीच वतलं. तरी तहानेनं गेले बिचारे."

मी मेलेले भुंगेरे मोजू लागलो.

"आज लवकर वततो," ते म्हणाले.