मागाच्या ठेक्यावरचा पाय

स्टँडसमोरच्या टपरीवर सुन्या पाय हलवत बसला होता. हलवत म्हणजे काय, शेजारच्या तालुक्यात लोक भूकंप समजून घराबाहेर पळाले असतील! बाकावर माझा चहाचा ग्लास नाचत होता.

"पाय आवर की मर्दा."

"आपोआप हलतोय, काका."

पुण्याहून नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलेलं, एस.टी. समोर उभी, आणि हा पठ्ठ्या बसलेला.

"डिग्री घेऊन बापासारखा यंत्रमागावरच उभा राहणार काय रे?" टपरीवाली मावशी ओरडली.

"आणि तिथं नाही घेतलं तर? परत आल्यावर गल्ली हसंल."

कामगारांच्या कादंबऱ्या मी पोत्यानं वाचल्यात. त्यातली चिडलेली पोरं शेवटच्या पानावर गाव सोडतात आणि लेखक घाईघाईनं पुस्तक मिटतो. पुढं त्यांचं काय झालं, कुणाला विचारायचं? आजच्या सुन्याला मात्र पुस्तक मिटल्यावरही जगायचं असतं.

तेवढ्यात वीज गेली. पलीकडच्या गल्लीतले सगळे यंत्रमाग गप्प झाले आणि, आईशप्पथ सांगतो, सुन्याचा पायही थांबला! तो स्वतःच्या गुडघ्याकडे बघतच राहिला. जन्मापासून तो पाय मागांच्याच ठेक्यावर हलत आला होता.

वीज आली, माग पुन्हा खडखडले. पाय हलायच्या आत सुन्यानं पिशवी उचलली आणि धावत एस.टी. गाठली.

गाडी गेली, तरी ग्लास नाचतच होता. खाली पाहिलं, तर माझा पाय.