सासूने दाखवलेलं घर

माझ्या नवऱ्याने कोर्टात शपथेवर सांगितलं होतं की तो मजूर आहे आणि हाताला काम नाही. तेव्हा त्याचा टिप्पर कोर्टाबाहेरच्या रस्त्यावर उभा होता. कागदावर टिप्पर त्याच्या भावाचा. चालवायचा हाच, कमवायचाही हाच. न्यायाधीशांनी मुलीला पोटगी मंजूर केली. ती तेव्हा पहिलीत होती. पहिल्या महिन्याची पोटगी त्याने वकिलाने दटावलं म्हणून भरली, आणि मग तो दिसेनासा झाला.

मी भंडाऱ्याला माहेरी राहत होते. सकाळी अंगणवाडीत मदतनीस, दुपारी शिवणकाम. वसुलीचा अर्ज केला, वॉरंट निघालं. पोलीस त्याच्या गावी जाऊन येत आणि दरवेळी तोच शेरा मारत : इसम मिळून आला नाही. त्याचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं. पुनर्वसनाच्या नवीन गावठाणात सगळ्या गल्ल्या सारख्या, आणि कोणालाही विचारलं तर उत्तर एकच, "इथं नाही राहत तो."

माझा मोठा भाऊ कंटाळला. म्हणाला, "सोड ना आता. पोरीच्या बापाले जेलात टाकतं का? उद्या तिचं लगन करतानी लोक काय म्हनतील?"

"त्या लोकाईले विचार, तिची फी कोन भरते," मी म्हटलं. "माह्यासाठी मी काहीच मागतलं नाही. पोरीचं आहे, ते सोडनारी मी कोन?"

तो दोन-चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मी पुढच्या तारखेला गेलेच.

मग एका दुपारी सासू अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली. एसटीने आली होती, उन्हाने तोंड लाल झालेलं. मी घर सोडल्यापासून आमची गाठ नव्हती. मी रागातच म्हटलं, "मामीजी, मले समजवायले आल्या असाल, तर पानी प्या अन् परत जा."

पाणी पिऊन तिने पदराने तोंड पुसलं. "समजवायले नाही आली. रविवारी नव्या घराची घरभरणी आहे. तो येनार आहे. पोलीस घेऊन ये."

मी तिला बसायला पाट सरकवला.

"मलेबी त्याच्या बापानं असंच टाकलं होतं," ती म्हणाली. "मीनं कोनाले काही मागतलं नाही. दोन्ही पोरं लोकाईच्या वावरात, धुऱ्यावर राबून वाढवली. म्हून त्याले वाटते, बायका अशाच निभावून नेतात."

रविवारी मी पोलिसांच्या जीपमधून गेले. सोबत हवालदार आणि एक महिला शिपाई. घर सासूने सांगितलं तसंच होतं, पक्क्या स्लॅबचं, दारात मांडव. आत बुद्धवंदना चालू होती. हवालदार उतरून थेट आत निघाले, तेव्हा मीच त्यांना अडवलं.

"साहेब, वंदना होऊ द्या. तो कुठं जात नाही."

मी चपला काढल्या आणि बायकांच्या मागे हात जोडून बसले. माझा आवाजही त्यांच्यात मिसळला. कोणी मला उठ म्हटलं नाही. तो पांढरे कपडे घालून सगळ्यांत पुढे बसला होता. वंदना संपली, तो वळला आणि त्याला मी दिसले.

"हे इथं काहून आली? हिले पत्ता कोनं देल्ला?"

"मीनं देल्ला," सासू म्हणाली.

मग दीर ओरडला, "बुढे, आता या घरात कशी राहातं ते पाहतो!"

"प्लॉट माह्या नावानं आहे," सासू म्हणाली. "माह्या बुडालेल्या घराच्या बदल्यात भेटला. तू कुठं राहाशील ते पाह्य."

नवरा हवालदारासोबत चालताना माझ्यासमोर थांबला. "जेलात जाईन, पन तुले एक पैसा देनार नाही."

"मले देऊच नोको. पोरीचं दे."

दुसऱ्या दिवशी कोर्टातही त्याने तेच सांगितलं, आणि त्याला खरंच जेलात पाठवलं. त्याला वाटलं होतं, थोडे दिवस आत काढले की हिशेब मिटला. काही दिवसांनी दीर माझ्या वकिलांकडे आला, किती दिवसांत सगळं फिटेल म्हणून विचारायला. वकील म्हणाले, "शिक्षा भोगली तरी बाकी तशीच राहते." टिप्पर दारात उभा होता आणि तो चालवणारा आत. दिराने सगळी बाकी कोर्टात भरली.

त्यानंतर पोटगी येऊ लागली. कधी उशिरा यायची. मग मी पुन्हा अर्ज करायचे. एकदा नवऱ्याने निरोप पाठवला, पोरीला पैसे घ्यायला घरी पाठव. मी उलट निरोप दिला : पैसे कोर्टात भर. पोरगी त्यासाठी कोणाच्या दारात उभी राहणार नाही. आजीला भेटायला मात्र येईल.

आणि ती दर उन्हाळ्यात गेली. त्या घरात आजी अजून राहते. नात आली की बाप टिप्पर घेऊन निघून जायचा, आणि आजी तिला शेजारीपाजारी घेऊन फिरायची, "हे माही नातीन," म्हणत.

मुलगी आता नर्सिंगला आहे. परवा भांडी घासता घासता तिने विचारलं, "आई, त्याईले जीपमधी बसवलं, तवा तुले वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना," मी म्हटलं. "पन अर्ज मागं घ्यावा असं नाही वाटलं."