निकषात न बसणारं वळण

नव्वदच्या दशकात मी नाशिकला रस्त्यांच्या सरकारी कचेरीत कारकून होतो. दिंडोरीकडच्या एका वळणावर गतिरोधक हवा म्हणून तिथला एक फूलशेतकरी वर्षभर आमच्याकडे हेलपाटे घालत होता. येताना वर्तमानपत्रात झेंडू बांधून आणायचा. मी दरवेळी एकच सांगायचो, "काका, तुमचं वळण निकषात बसत नाही." निधी मिळायला पोलिसांत नोंदलेला मृत्यू लागायचा, आणि तिथे लोकांचे फक्त हातपाय मोडत होते.

शेवटी गावकऱ्यांनी जुने टायर पुरून स्वतःच गतिरोधक केला. तो अनधिकृत म्हणून काढून टाकायचं पत्र मीच लिहिलं. मसुदा चांगला जमला म्हणून साहेबांनी माझं कौतुक केलं, आणि मी मूर्खासारखा खूश झालो.

पुढे दिवाळीनंतर काका आले, तेव्हा हातात झेंडू नव्हता. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. पंचनाम्याची झेरॉक्स त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. फुलांची पाटी घेऊन वळणावर रस्ता ओलांडताना त्यांची बायको ट्रकखाली गेली होती.

"बघा साहेब," ते म्हणाले, "आता बसतंय का."

मी कागद वाचला. बसत होतं.